मोटारीची ठिणगी

वैशाखाची दुपार आहे. अकोट मागें टाकून, पोपटखेडावरून सातपुड्यांत शिरणाऱ्या रस्त्यानें एक जुनी फियाट गाडी चढ चढूं लागते. गाडींत चार माणसें, डिकींत सामान, आणि रस्त्याच्या कडेच्या सागाला सावली देण्यापुरतेंहि पान उरलेलें नाहीं. पहिलें वळण सुखरूप पार पडतें. दुसऱ्यावर गाडी एकदोन आचके देते, तिसऱ्यावर तिचा दम तुटतो आणि ती उभी राहते. चालक खालीं उतरतो, बॉनेट उघडतो, पेट्रोलच्या पंपावर ओलें फडकें गुंडाळतो आणि झाडाच्या बुंध्याशीं जाऊन बसतो. पाऊण तासानें किल्ली फिरवतांच गाडी, कांहीं झालेंच नाहीं अशा थाटांत, चालू होते.

हें चित्र कल्पिलेलें असलें, तरी जुनी गाडी हौसेनें जतन करणाऱ्या वऱ्हाडांतील कोणत्याहि कुटुंबाला तें परकें वाटणार नाहीं. नाटकाचा पुढचा प्रवेश गांवांत घडतो. संध्याकाळीं ओट्यावर गाडीची गोष्ट निघते, आणि कोणी जाणकार सल्ला देतो : “बाप्पा, हे जुनी कॉइल फेकून दे. चाळीस हजार व्होल्टाची नवी भेटते, ते बसव. मंग पाय गाडी कशी पयते ते !”

या सल्ल्यांत तथ्य किती आणि भर किती, हें पाहणें हा प्रस्तुत भाषणाचा विषय होय. प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाहीं. मेळघाटाचें रान १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प म्हणून राखलेलें आहे. तेथें भ्रमणध्वनीची हांक सर्वत्र पोंचत नाहीं, आणि दोन वस्त्यांमधील अंतर उन्हांत पायीं तोडण्याजोगें नसतें. गाडींत तापानें फणफणलेलें मूल असलें आणि अकोटचा दवाखाना गांठायचा असला, म्हणजे गाडी किती वेगानें पळते यापेक्षां ती वाटेंत उभी राहणार नाहीं ना, हीच चिंता खरी ठरते. त्यांत पुन्हां पैशाचा प्रश्न आहेच. चुकीचा भाग बदलला, तर पैसे जातात आणि दोष मात्र जागच्या जागीं राहतो.

प्रथम ही कॉइल म्हणजे काय तें पाहूं जातां, शब्दाचा अर्थ अगदीं साधा आहे. कॉइल म्हणजे वेटोळें. जुन्या गाडीच्या बॉनेटखालीं मुठींत मावेल एवढ्या जाडीचा जो धातूचा डबा बसविलेला दिसतो, त्याच्या पोटांत मऊ लोखंडाच्या पत्र्यांचा एक गाभा असतो. या गाभ्याभोंवतीं दोन तारा गुंडाळलेल्या असतात. एक जाड, तिचे वेढे दोनअडीचशें. दुसरी केसासारखी बारीक, तिचे वेढे वीस हजारांच्या घरांत. उरलेल्या जागेंत तेल भरतात. तें तेल तारांना एकमेकींपासून विलग राखतें आणि आंतली उष्णता डब्याच्या भिंतीपर्यंत आणून पोंचवतें. एका बाजूनें बॅटरीचे बारा व्होल्ट आंत जावे आणि दुसऱ्या बाजूनें पंधरावीस हजार व्होल्ट बाहेर पडावे, हा चमत्कार एवढ्याशा डब्यांत घडतो.

चमत्काराचें मूळ लंडनमध्यें आहे. १८३१ सालीं मायकेल फॅरडे यानें दाखवून दिलें कीं, एका तारेंतील प्रवाह चालू किंवा बंद होतांना जवळच्या दुसऱ्या तारेंत क्षणभर वीज उत्पन्न होते. पांच वर्षांनीं, १८३६ मध्यें, आयर्लंडांतील मेनूथ येथील विद्यालयांत शिकविणाऱ्या निकोलस कॅलन नांवाच्या धर्मोपदेशकानें जाड आणि बारीक अशा दोन तारांचें वेटोळें करून प्रचंड दाबाची वीज काढली. पुढें पॅरिसमधील कारागीर रुमकोर्फ यानें १८५१ च्या सुमारास तीच रचना इतकी सुधारली कीं, जग त्या यंत्राला त्याच्याच नांवानें ओळखूं लागलें. १८६४ सालीं तिसऱ्या नेपोलियनच्या सरकारनें त्याला पन्नास हजार फ्रँकांचें पारितोषिक दिलें. बिचारा कॅलन मात्र बराच काळ विस्मृतींत राहिला. लन्वार यानें १८६० मध्यें गॅसवर चालणारें इंजिन उभारलें, तेव्हां त्यांतील वायु पेटविण्यासाठीं रुमकोर्फचीच कॉइल घेतली होती. म्हणजे मोटारगाडी जन्माला येण्याच्या पंचवीस वर्षें आधींच तिची ठिणगी तयार होती.

या कॉइलचें कार्य समजण्यास नळाचा दृष्टांत पुरेसा आहे. भरवेगानें वाहणाऱ्या नळाची तोटी एकदम बंद केली, तर सगळा नळ धडाडतो. वाहत्या पाण्याला थांबावयाचें नसतें, म्हणून तें भिंतींवर आदळतें. विजेचेंहि तसेंच. डिस्ट्रिब्यूटरमध्यें पॉइंट नांवाची एक इवलीशी जोडी असते. ती मिटलेली असतांना जाड तारेंतून प्रवाह वाहतो आणि लोखंडाच्या गाभ्यांत चुंबकत्व सांठत जातें. फिरता खुंट पॉइंट उघडतो, तोटी बंद होते, सांठलेलें चुंबकत्व कोसळतें आणि जाड तारेंत दोनतीनशें व्होल्टांचा हिसका बसतो. बारीक तारेचे वेढे शंभरपट, म्हणून तेथें त्याचे शंभरपट व्होल्ट होतात. पॉइंटांच्या शेजारीं बसविलेला कंडेन्सर हा वीज पॉइंटांवरच ठिणगीच्या रूपानें वायां जाऊं देत नाहीं. तो दिसतो करंगळीच्या पेराएवढा; परंतु तो बिघडला तर कितीहि मोठी कॉइल लावून उपयोग नाहीं, ही गोष्ट ओट्यावरच्या सल्ल्यांत सहसा येत नाहीं.

मोटारीच्या इतिहासांतला पहिला लांबचा प्रवास एका स्त्रीनें केला, हें पुष्कळांना ठाऊक आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्यें बेर्टा बेंझ ही आपल्या दोन मुलांना घेऊन, पतीला न सांगतां, त्यानें बनविलेल्या गाडींतून मानहाइमहून फोर्झहाइमला गेली. अंतर सुमारें शंभर किलोमीटर. वाटेंत इंधनाची नळी तुंबली, ती तिनें टोपीच्या पिनेनें मोकळी केली. आणि ठिणगीच्या तारेवरचें वेष्टण झिजलें, तें मोज्याच्या बंदानें गुंडाळून वेळ निभावून नेली, असें सांगतात. इंधन आणि ठिणगी ! आज अकोटच्या घाटांत फियाट अडते, तीहि या दोहोंपैकीं एकामुळेंच. आणि दोहोंपैकीं कोणतें, हें ओळखणें तेव्हांइतकेंच आजहि महत्त्वाचें आहे.

बॅटरी, एक कॉइल, पॉइंट आणि डिस्ट्रिब्यूटर ही जी रचना जुन्या फियाटींत आढळते, ती अमेरिकेंतील चार्ल्स केटरिंग यानें १९१० च्या कॅडिलॅक गाडीसाठीं बसविली. पुढें सत्तरएक वर्षें जगांतील बहुतेक पेट्रोल गाड्या याच रचनेवर चालल्या. महाराष्ट्राच्या ओळखीची गाडी म्हणजे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ मध्यें स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यांतून निघालेली फियाट अकराशें, जिचें पुढें पद्मिनी असें नामकरण झालें. इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचें, सिलिंडर चार, आणि ठिणगीची व्यवस्था केटरिंगचीच. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर वयोमर्यादेमुळें निघून गेली. परंतु खासगी मालकीच्या पद्मिनी गांवोगांव हौशी लोकांनीं राखल्या आहेत, आणि अकोटचा हा चालक त्यांपैकींच एक समजावा. त्याच्या शेजाऱ्याची डिझेलवर चालणारी जीप या चर्चेंत येत नाहीं. डिझेल नुसत्या दडपणानें पेटतें, त्याला ठिणगी लागतच नाहीं.

आतां त्या चाळीस हजार व्होल्टांकडे वळावें. डब्यावर छापलेला हा आंकडा सर्वांत अधिक मोहांत पाडतो, आणि सर्वांत कमी कामाचाहि तोच असतो. कॉइल आपल्या मर्जीनें कितीहि व्होल्ट प्लगवर ओतते, अशी समजूत आहे; वस्तुस्थिति उलट आहे. किती व्होल्ट लागावयाचे हें प्लगच्या दोन टोंकांतील फट ठरविते. विजेचा दाब चढत जातो, आणि ज्या क्षणीं फट ओलांडण्यापुरता होतो त्या क्षणीं ठिणगी पडून तो तेथेंच थांबतो. धरणाच्या भिंती कितीहि उंच बांधल्या, तरी सांडवा ज्या पातळीवर आहे तिच्यावर पाणी चढत नाहीं, तसेंच हें. प्लगला दहा हजार व्होल्ट पुरत असले, तर वीस हजारांची कॉइल आणि चाळीस हजारांची कॉइल दोन्ही दहाच हजार देतील.

मग मोठ्या कॉइलचा उपयोग काय ? उपयोग आहे, आणि तो समजण्यासाठीं पुन्हां घाटांत जावें लागतें. मोकळ्या हवेंत एक मिलिमीटरची फट ओलांडण्यास सुमारें तीन हजार व्होल्ट लागतात. पद्मिनीच्या प्लगची फट असते ०.६ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे बाहेर धरलेल्या प्लगवर दोनअडीच हजारांतच ठिणगी दिसते. मिस्त्री प्लग काढून इंजिनाला टेकवून ठिणगी दाखवितो आणि मालकाचें समाधान होतें. पण ती परीक्षा फार सोपी असते. सिलिंडरच्या आंत हवा आणि पेट्रोलची वाफ दडपलेली असते, आणि वायु जितका दडपावा तितकी त्यांतून ठिणगी काढणें अवघड. हा नियम जर्मन शास्त्रज्ञ पाशेन यानें १८८९ मध्यें मांडला. सपाट रस्त्यावर, ॲक्सिलरेटरवर पाय हलका असतांना सिलिंडरांत माल थोडा भरतो आणि आठदहा हजार व्होल्टांत भागतें. चढावर पाय पूर्ण दाबला, कीं सिलिंडर काठोकाठ भरतो. त्यांतच प्लग झिजून फट रुंदावलेली असली, तर मागणी बारापंधरा हजारांवर जाते. अकोटच्या बाजारांत शहाण्यासारखी चालणारी गाडी पोपटखेडाच्या पुढें आचके कां देऊं लागते, याचें हें एक कारण. चढानें मागणी वाढविली आणि कॉइलची शिल्लक अपुरी पडली. मिस्त्री लोक याला गाडी मिसिंग करते असें म्हणतात.

दुसरें कारण ऊन. अकोला-अकोटकडे मे महिन्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जाणें नित्याचें आहे. बॉनेटखालीं, तापल्या इंजिनाच्या शेजारीं, कॉइल सहज नव्वद-पंचाण्णव अंशांना पोंचते. तांब्याचा गुण असा कीं, दर अंशामागें त्याचा विजेला होणारा अडथळा सुमारें ०.४ टक्क्यानें वाढतो. हिशेब कोणालाहि कागदावर मांडतां येईल. सकाळच्या २५ अंशांत ज्या कॉइलचा अडथळा ३ ओहम, तिचा ९५ अंशांत ३.८ ओहमच्या जवळ जातो. बारा व्होल्टांच्या बॅटरीवर सकाळीं ४ अँपिअर प्रवाह मिळत होता, तो दुपारीं ३.१५ वर येतो. आणि गाभ्यांत सांठणारी शक्ति प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत असल्यामुळें, १६ च्या ठिकाणीं १० उरतात. चाळीस टक्क्यांच्या जवळपास ठिणगी नुसत्या उन्हानें खाऊन टाकली ! कॉइल जुनी असून आंतलें वेष्टण जागोजागीं करपलेलें असलें, तर तापल्यावर वेढे आंतल्या आंत एकमेकांना भिडतात आणि ठिणगी पार नाहींशी होते. डबा निवला कीं वेढे पुन्हां विलग होतात व गाडी चालू होते.

येथेंच ओल्या फडक्याची गंमत उलगडते. उन्हांत पेट्रोल पंपांत आणि नळींत उकळून त्याची वाफ होते, पंप वाफेला ढकलूं शकत नाहीं, आणि इंजिन उपाशी राहतें. तो दोष पंप निवल्यानें जातो. कॉइलचा दोषहि निवल्यानेंच जातो. चालकानें फडकें पंपावर ठेवलें आणि पाऊण तास थांबला; तेवढ्या वेळांत दोन्ही निवलीं. गुण कोणाचा, हें त्याला कळणार कसें ? वर्षानुवर्षें पंपाला स्नान घालणारे आणि कॉइलकडे न पाहणारे चालक आहेत, तसेच पेट्रोल उकळत असतांना तीन तीन कॉइली बदलणारेहि आहेत. दोघेहि आपला उपाय लागू पडल्याचें शपथेवर सांगतील.

खरें काय तें ओळखण्याची वेळ एकच : गाडी तापून बंद पडल्यानंतरचीं पहिलीं पांच मिनिटें. पॉइंट असलेल्या जुन्या गाडींत कॉइलपासून डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणांत शिरणारी मधली जाड तार उपसावी. कोरड्या, रबरी मुठीच्या पकडींत धरून तिचें टोंक इंजिनाच्या स्वच्छ लोखंडापासून सहा मिलिमीटरवर ठेवावें आणि दुसऱ्यानें किल्ली फिरवावी. निळीपांढरी, तडतड वाजणारी ठिणगी उडी मारीत असली, तर कॉइल निर्दोष आहे. फडकें खुशाल पंपावर घालावें. ठिणगी तांबूस, बारीक किंवा मुळींच नसली, तर दोष विजेचा आहे. जवळपास पेट्रोल गळत असेल तर हा प्रयोग मुळींच करूं नये, हृदयाला विजेचें यंत्र बसविलेल्या मनुष्यानें त्या तारेजवळहि जाऊं नये, आणि इलेक्ट्रॉनिक व्यवस्थेच्या गाड्यांत तर तार अशी मोकळी सोडल्यानें चांगली कॉइल फुटते. तेथें हा मार्ग वर्ज्य समजावा.

ठिणगी दुबळी आढळली, तरीहि लगेच दुकान गांठण्याचें कारण नाहीं. कॉइलपर्यंत बॅटरीचे बारा व्होल्ट पोंचतात तरी का, हा प्रश्न आधीं विचारावा. चाळीस वर्षांच्या गाडींत बॅटरीपासून किल्लीपर्यंत आणि किल्लीपासून कॉइलपर्यंतच्या तारेंत, गंजलेल्या जोडांत आणि झिजलेल्या स्विचमध्यें दीड व्होल्ट सहज गळून जातात. साडेदहा व्होल्ट मिळणाऱ्या कॉइलची शक्ति जवळजवळ चतुर्थांशानें कमी होते. पुन्हां तोच वर्गाचा नियम. पॉइंट मिटलेले असतांना कॉइलच्या टोंकावर मीटर लावला, कीं हें क्षणांत कळतें. उपाय म्हणजे एक रिले. बॅटरीपासून नवी जाड तार रिलेमार्गे थेट कॉइलला द्यावयाची, आणि जुन्या स्विचनें फक्त तो रिले चालू-बंद करावयाचा. इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी घासून घट्ट करावी, हें त्याच बैठकींत. या कामाला कॉइलच्या किंमतीचा अंशहि लागत नाहीं, आणि पुष्कळ वेळां नव्या कॉइलची गरजच उरत नाहीं. याबद्दल कोणी बोलत नाहीं, कारण रिलेवर घोड्याचें चित्र छापलेलें नसतें.

एवढें करूनहि कॉइल बदलावयाचीच ठरली, तर एक आंकडा डब्यावरच्या सर्व आंकड्यांहून महत्त्वाचा आहे : जाड तारेचा अडथळा, किती ओहम तो. पॉइंटांच्या गाडीला तीन ओहमच्या आसपासची कॉइल योग्य. बाजारांत दीड ओहमच्याहि कॉइली मिळतात. त्या एकतर बाहेरून एक अडथळा जोडून वापरण्यासाठीं असतात, नाहींतर इलेक्ट्रॉनिक व्यवस्थेसाठीं. बाहेरच्या अडथळ्याची युक्ति मोठी चतुर आहे. स्टार्टर फिरतांना बॅटरी दमून नऊदहा व्होल्टांवर येते. त्या वेळीं अडथळा वगळून सगळा दाब कॉइलला देतात, आणि इंजिन चालू झालें कीं अडथळा पुन्हां मध्यें घालतात. परंतु अशी कॉइल अडथळ्यावांचून सरळ पद्मिनीला लावली, तर पॉइंटांतून आठ अँपिअर वाहूं पाहतात. पॉइंट जळतात, कॉइल भट्टीसारखी तापते, आणि जी गाडी तासाभरानें तरी चालू होत होती ती आतां मुळींच होत नाहीं. जास्त जोराच्या हौसेनें घाटांत अडकलेल्या पुष्कळशा गाड्यांचें रहस्य एवढेंच असतें.

अधिक प्रवाह खरोखर हवा असेल, तर आधीं पॉइंटांना निवृत्त करावें लागतें. त्यांच्या जागीं चुंबक ओळखणारा एक लहानसा भाग आणि प्रवाह तोडणारा ट्रान्झिस्टर बसवितात. त्याला सहासात अँपिअर जड नाहींत, त्याची फट झिजत नाहीं, फीलर गेज घालून ती वारंवार जुळवावी लागत नाहीं. लाभ वेगांत अधिक कळतो. चार सिलिंडरांचें इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेतें तेव्हां त्याला सेकंदाला १०० ठिणग्या लागतात. दोन ठिणग्यांमधील अवधि सेकंदाचा शंभरावा भाग, आणि त्यांतहि पॉइंट मिटलेले असतात दोनतृतीयांश वेळ. ५,००० फेऱ्यांना तर कॉइल भरण्यास सेकंदाचे चार सहस्रांश मिळतात, आणि साध्या कॉइलचें पोट तेवढ्यांत पुरतें भरत नाहीं. कमी अडथळ्याची कॉइल आणि ट्रान्झिस्टर यांची जोडी तेवढ्या अवकाशांत ती कमतरता बरीचशी भरून काढते. मात्र ट्रान्झिस्टरलाहि उष्णता सोसत नाहीं. त्याची पेटी धुराड्याच्या नळीपासून दूर, वारा लागेल अशा जागीं बसवावी. शिवाय पॉइंट बिघडले तर कानस मारून ते चालू करणारा मिस्त्री कोणत्याहि खेड्यांत भेटतो, ट्रान्झिस्टर मेला तर कोणाच्यानें कांहीं होत नाहीं. म्हणून काढलेले पॉइंट व कंडेन्सर कागदांत गुंडाळून गाडींतच ठेवणारा मालक शहाणा.

मग गाडीचा जोर वाढतो कीं नाहीं ? चूल पेटवायला एक काडी पुरली, तर दहा काड्यांनीं भाकरी लवकर भाजत नाहीं. पेट्रोल एकदां पेटलें, कीं दट्ट्याला ढकलण्याचें काम त्याच्या उष्णतेचें. ठिणगी मोठी होती कीं लहान, याची दट्ट्याला वार्ताहि नसते. निर्दोष गाडीला भारी कॉइल लावून अश्वशक्ति वाढत नाहीं. तथापि नवी कॉइल लावल्यावर गाडी पळूं लागली असें सांगणारा मनुष्य खोटें बोलत नसतो. त्याच्या गाडीची वीस ठिणग्यांमागें एक ठिणगी चुकत होती. विसांश जोर आणि विसांश पेट्रोल धुराड्यावाटे फुकट चाललें होतें. तें परत मिळालें, आणि जें हरवलें होतें तें सांपडल्याचा आनंद त्याला नव्या कमाईसारखा वाटला. खरोखर जास्त दाब मागणारी गाडी म्हणजे सी.एन.जी.वर चालविलेली. तो वायु पेटविणें पेट्रोलपेक्षां अवघड, म्हणून तेथें दमदार कॉइल आणि थोडी अरुंद फट यांचा गुण निश्चित येतो.

नव्या गाड्यांचा प्रकार निराळा आहे. त्यांत डिस्ट्रिब्यूटर नाहीं, लांब तारा नाहींत. बहुतेकांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर एकेक स्वतंत्र कॉइल बसते. चार जणींनीं काम वांटून घेतल्यामुळें प्रत्येकीला विसांवा चौपट मिळतो, आणि किती वेळ प्रवाह भरावयाचा हें गाडींतलें संगणकयंत्र बॅटरीचा दाब पाहून ठरवितें. अशा गाडीला बाहेरची रंगीत, जोरकस म्हणून विकली जाणारी कॉइल लावून पदरांत कांहीं पडत नाहीं. येथें कॉइल मरते ती बहुधा प्लगच्या पापानें. झिजलेल्या प्लगची फट वाढते, प्रत्येक ठिणगीला अधिक दाब लागतो, आणि एके दिवशीं वीज फट ओलांडण्याऐवजीं कॉइलचें वेष्टणच फोडून बाहेर पडते. तेव्हां प्लग तसाच ठेवून नुसती कॉइल बदलणें म्हणजे गळक्या छपराखालीं नवी सतरंजी अंथरणें. कोणती कॉइल गेली हें ओळखण्यासाठीं दोन सिलिंडरांच्या कॉइली इंजिन बंद असतांना अदलाबदल करून पाहाव्या. दोष कॉइलबरोबर दुसऱ्या सिलिंडरावर गेला, तर गुन्हेगार सांपडला. आणि समोरच्या पटलावर इंजिनाचा दिवा लुकलुकत असतांना गाडी तशीच दामटूं नये. न जळलेलें पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रांत जाऊन जळतें, आणि तें यंत्र एका कॉइलच्या कितीतरी पट महाग असतें.

राहतां राहिला तो अकोटचा चालक. पुढच्या वेळीं डोंगर चढण्यापूर्वीं त्यानें चारहि प्लगांच्या फटी मोजून घ्याव्या, पॉइंट आणि कंडेन्सर नवे घालावे, तारेंतली गळती मीटरनें पाहावी. कॉइल इंजिनाला चिकटून बसली असेल, तर ती तेथून काढून पुढच्या बाजूला, पंख्याचा गरम वारा थेट लागणार नाहीं अशा जागीं, बॉनेटखालच्या पत्र्याला घट्ट आवळावी. पत्र्याला उघडून टेकलेला डबा लवकर निवतो. इतक्यानें बहुधा भागेल. न भागलें, तर तीन ओहमची चांगल्या कारखान्याची कॉइल घ्यावी, आणि जुनी फेकून न देतां तीहि एका पान्यासह डिकींत टाकावी. एक स्क्रू आणि तीन तारा, दहा मिनिटांचें काम आहे. सागाच्या बुंध्याशीं बसून करतां येण्यासारखें.